परकायाप्रवेश

संगणकाच्या पेटीत जी हिरवट रंगाची चौकोनी पाटी बसविलेली असते, तिला ‘मदरबोर्ड’ हे नाव ज्याने कोणी दिले, त्याने एकत्र कुटुंबात दिवस काढले असावेत अशी शंका आम्हांस पुष्कळदा येते. त्या पेटीतील कर्ता पुरुष म्हणजे प्रोसेसर. तो हिशेबाला बिनचूक, पण आपण होऊन कोणाशी बोलणार नाही. मेमरीच्या पट्ट्या धाकट्या मुलांसारख्या चपळ, आणि वीज गेली की सारे विसरून जाणाऱ्या. हार्ड डिस्क म्हणजे माजघरातील कणगी. चाल मंद, पण पोटात सारे साठवून ठेवणारी. ही मंडळी एका छपराखाली राहत असली तरी परस्परांशी त्यांचे जे बोलणे होते ते या पाटीमार्फतच. आमच्या लहानपणी वडिलांना काही सांगावयाचे झाले की आम्ही ते आईला सांगत असू, आणि वडीलही आपला होकार-नकार तिच्याकरवीच कळवीत. आई चार दिवस माहेरी गेली की घरात माणसे जवळजवळ तेवढीच असत, परंतु घर मात्र मुके होई. मदरबोर्ड निकामी झालेल्या संगणकाची अवस्था याहून वेगळी नसते.

अशा प्रसंगी जाणत्यांचा सल्ला ठरलेला असतो. नवा बोर्ड आणावा, डिस्क पुसून स्वच्छ करावी आणि ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यापासून बसवावी. महत्त्वाच्या फायली तेवढ्या आधी बाजूला काढून ठेवाव्यात म्हणजे झाले. हा सल्ला चुकीचा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वर्षानुवर्षे साठलेला केरकचरा त्याने जातो आणि यंत्र ताजेतवाने होते. परंतु घरातील सामान म्हणजेच घर, असे एक गृहीत त्यात दडलेले आहे. भांडीकुंडी, गाद्या, पेट्या टेम्पोत भरून नव्या जागी उतरवल्या म्हणजे घर हलले, असे ज्याला वाटते त्याने घर हलवताना आपल्या आईचा चेहरा पाहिलेला नसतो. मीठ कोणत्या हाताला आहे, देवाची काडेपेटी कोठे असते, कोणते दार जरा उचलून लोटावे लागते, हे ज्ञान कोणत्याही पेटीत भरता येत नाही. दहा वर्षे वापरलेल्या संगणकातही असे ज्ञान साठते. शब्दकोशात घातलेली नवी भर, कळफलकाची हाताला बसलेली मांडणी, छपाईचे समास, आणि ज्यांच्या मूळ तबकड्या आता कोणापाशीच उरलेल्या नाहीत असे लहानमोठे प्रोग्राम, हे सारे फायलींच्या यादीत सापडत नाही. ते फायलींच्या भोवती असते.

आमच्या घरी हा प्रश्न २०१२ साली उभा राहिला, आणि तो केवळ सोयीचा नव्हता. आमच्या वडिलांनी निवृत्तीनंतर घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम अंगावर घेतले होते. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. आमच्या घराण्याचाही एक छापील ग्रंथ होता. परंतु अशा बहुतेक ग्रंथांची रीत अशी, की मुलगा असला तर त्याची शाखा पुढे वाढत जाते आणि मुलगी असली तर ती अमक्या गावच्या अमक्यांना दिली, एवढ्यावर तिची हकीकत संपते. वडिलांना ही गोष्ट खटकत असे. मुलींचा वंशही त्यात आला पाहिजे, त्यांची मुले, नातवंडे, त्यांचे व्यवसाय यांची नोंद झाली पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला होता. पत्रे लिहून, दूरध्वनी करून, लग्नमुंजींत म्हाताऱ्या आत्याबाईंच्या शेजारी पाट मांडून त्यांनी ही माहिती गोळा केली, आणि २००४ साली घेतलेल्या संगणकावर ती स्वतः एका एका बोटाने उतरविली. त्यांच्या एका स्नेह्याने त्यासाठी फॉक्सप्रोमध्ये लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. २०१० साली वडील गेले. ते स्नेही त्यांच्याही आधी गेले होते.

ही माहिती युनिकोडमध्ये असती तर आम्ही इतके चिंतेत पडलो नसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ सालीच मिळाली. परंतु मराठी छपाईच्या जगात त्यानंतरही पुष्कळ वर्षे निराळ्याच फाँटांचे राज्य होते. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रे राहत. तो फाँट हजर असेपर्यंत पडद्यावर ‘गोदावरी’ दिसावी, आणि तो गैरहजर झाला की तिच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे आणि अवग्रहचिन्हे यांची एक अर्थहीन रांग उभी राहावी. वडिलांचा फाँट तर लॉकवर चाले. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटर जोडण्याची जी पंचवीस छिद्रांची जुनी जागा असे, तीत आगपेटीएवढी एक वस्तू खोचून ठेवावी लागे. ती काढली की मराठी टंकन बंद. सारांश, प्रोग्राम, फाँट, लॉक आणि त्यांना एकत्र नांदवणारी विंडोज एक्सपी, ही चौघे जिवंत असली तरच त्या नोंदी जिवंत. नुसत्या फायली काढून घेणे म्हणजे पोथीची पाने घेऊन लिपी टाकून येणे होते.

बोर्डाला झालेला आजार त्या काळातील साथीचा होता. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर तयार झालेल्या असंख्य बोर्डांवरील कपॅसिटरांत सदोष द्रव भरला गेला होता. ही नळकांडी काही वर्षांनी माथ्यावर फुगत, फुटत, आणि त्यांतून तपकिरी रस गळे. मग यंत्र कधी चालू होई, कधी न होई; चाललेच तर मध्येच थिजे. आमच्या बोर्डावरील सहा नळकांड्यांचे माथे असे फुगले होते. गल्लीतील दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पेटी उघडून क्षणात निदान केले.

“काका, बोर्ड गेला. नवीन टाकू, फॉरमॅट मारू, दोन तासांत मशीन लोण्यासारखं चालेल.”

“आणि आतलं?”

“डेटा काढून देतो ना!”

तो मुलगा प्रामाणिक होता आणि आपल्या धंद्याच्या रीतीने बरोबरही होता. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि भाचीला बोलावून घेतले. ती त्या वेळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने सारे ऐकून घेतले, वडिलांचा लॉक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “मामा, फॉरमॅट नको. जुनीच सिस्टीम नव्या बोर्डावर उठवून बघू. पण आधी एक करायचं: आजोबांची डिस्क मी माझ्या मशीनला लावून तिची जशीच्या तशी नक्कल घेते. ती झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.”

ऑपरेटिंग सिस्टीम नव्या बोर्डावर का उठत नाही, हे तिने त्या दिवशी आम्हांस ज्या रीतीने समजावून दिले त्याहून अधिक सुबोध रीत आम्हांस अद्याप भेटलेली नाही. संगणक सुरू होताना प्रथम जागा होतो तो बोर्डावरचा बायोस. तो डिस्कचा आरंभ वाचतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा उचलून मेमरीत आणून ठेवतो. येथवर डिस्क वाचण्याचे काम बायोस करतो. त्यानंतर गाभा सूत्रे आपल्या हाती घेतो. आता डिस्कपर्यंत त्याचे त्यालाच जावे लागते, आणि जाण्यासाठी त्याला सारथी लागतो. या सारथ्यालाच संगणकाच्या भाषेत ड्रायव्हर म्हणतात. जुन्या बोर्डावरील सारथ्याला जुनेच घोडे ठाऊक. नव्या बोर्डावर घोडे दुसऱ्या जातीचे असले की रथ जागचा हलत नाही. आणि ज्या डिस्कवरून आपण नुकतेच उचलून आणले गेलो त्याच डिस्ककडे परत जाण्याची वाट गाभ्याला सापडत नाही. मग निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ‘७बी’ असलेला एक आकडा. आपल्याच घराच्या दारात किल्ल्या हरवून उभे राहिलेल्या माणसाची ती आरोळी असते.

हे ऐकताना आम्हांस ‘शंकरदिग्विजया’तील अमरुक राजाची कथा आठवली. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, वादात गृहस्थाश्रमाचे असे प्रश्न घातले की संन्याशाला उत्तर देता येईना. तेव्हा आचार्यांनी मुदत मागून घेतली, नुकत्याच मृत झालेल्या अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला, आणि आपला देह एका गुहेत शिष्यांच्या पहाऱ्यात ठेविला. ही कथा सांगणारे परकायाप्रवेशाच्या सिद्धीचे कौतुक करतात; आम्हांस मात्र त्या पहाऱ्याचे कौतुक अधिक वाटते. राजाच्या नव्या शहाणपणाने चकित झालेल्या मंत्र्यांनी राज्यातील बेवारशी प्रेते जाळण्याची आज्ञा दिली होती. शिष्य दक्ष नसते तर आचार्यांना परतावयास देहच उरला नसता. भाचीने आधी नक्कल घेण्याचा हट्ट का धरला, ते आम्हांस या कथेवरून कळले. सिद्धी कितीही मोठी असो, गुहेत मूळ देह सुरक्षित असल्यावाचून कोणी दुसऱ्याच्या शरीरात पाऊल टाकू नये.

नक्कल झाली, पण काम अर्धेच झाले होते. सारथी बदलावयाचा तर जुने यंत्र आणखी एकदा तरी सुरू व्हावयास हवे होते, आणि ते तर घटकेत श्वास घेई आणि घटकेत सोडी. दोन दिवस ते उठले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, सातव्या की आठव्या प्रयत्नाला, पडद्यावर तो परिचित हिरवा माळ आणि निळे आभाळ उमटले. आई दाराशी येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. भाचीने घाई न करता, पण एक क्षणही न दवडता, यंत्रातील उपकरणांची यादी उघडली आणि डिस्कच्या जुन्या, त्या बोर्डापुरत्या सारथ्याच्या जागी विंडोजचा सर्वसाधारण सारथी नेमला. हा सर्वसाधारण सारथी कोणत्याही एका जातीच्या घोड्यांत पारंगत नसतो. परंतु बहुतेक सर्व जातींचे घोडे त्याला कसेबसे हाकता येतात. मग पडद्याच्या आणि ध्वनीच्या जुन्या ड्रायव्हरांनाही तिने निरोप दिला आणि यंत्र बंद केले. तो बोर्ड त्यानंतर पुन्हा कधी चालू झाला नाही, व त्याची जरुरीही उरली नाही.

नवा बोर्ड मिळविणे हेही सोपे नव्हते. त्यावर जुन्या डिस्कची रुंद, चाळीस तारांची पट्टी जोडण्याची जागा हवी होती आणि लॉकसाठी ती पंचवीस छिद्रेही हवी होती. २०१२ साली या दोन्ही गोष्टी बाजारातून उठत चालल्या होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाची दिवसभर फिरली तेव्हा एका दुकानात असा बोर्ड तिला मिळाला. त्यासोबत नवा प्रोसेसर आणि नव्या जातीची मेमरी घ्यावीच लागली, कारण जुनी त्यावर बसणारी नव्हती. म्हणजे देह सगळाच बदलला. डिस्क तेवढी जुनी राहिली.

रात्री यंत्र सुरू केले. निळा पडदा आला नाही. अक्षरे बटाट्याएवढी दिसत होती, ध्वनी नव्हता, जाळ्याची जोडणी नव्हती. परंतु यंत्र जागे होते आणि इकडेतिकडे पाहत होते. ‘नवे उपकरण सापडले’ अशा सूचना एकामागून एक येऊ लागल्या. परगावी पहिल्या रात्री झोप न येणारे माणूस जसे प्रत्येक आवाजाला “हे काय? हे काय?” म्हणून विचारीत राहते, तसा तो प्रकार होता. भाची बोर्डाच्या तबकडीवरून एकेकाची ओळख करून देत गेली. मध्यरात्रीच्या सुमारास तिने लॉक खोचला आणि कुलवृत्तांताचा प्रोग्राम उघडला. वडिलांनी अखेरची नोंद जेथे सोडली होती त्याच पानावर तो उघडला. आई चष्मा लावून जवळ आली आणि तिने पडद्यावरचे पहिले नाव मोठ्याने वाचले. ते आमच्या धाकट्या बहिणीचे होते, आणि त्याच्याखाली या भाचीचे.

राज्यात प्रवेश मिळाला तरी दरबारी कागदपत्र उरतातच. विंडोज एक्सपी आपल्या देहाच्या दहा खुणा लक्षात ठेवी. त्यांपैकी पुष्कळ बदलल्या की तीन दिवसांच्या आत पुन्हा नोंदणी करा, असा तिचा हुकूम सुटे. आमची प्रत पेटीसह स्वतंत्र विकत घेतलेली होती, म्हणून ती नव्या यंत्रावर नेण्यास अडचण नव्हती. यंत्राबरोबर आलेली प्रत त्या यंत्राच्या बोर्डाशीच बांधलेली असते. दूरध्वनीवरून आम्ही पन्नास आकडे वाचून दाखविले व बेचाळीस आकडे उतरून घेतले. आपणच आपण आहोत हे सिद्ध करण्यास माणसाला याहून कमी कागद लागतात असे आम्हांस वाटत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत हा प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्या दर वेळी जागे होताना प्रत्येक उपकरणाला “आपण कोण?” असे नव्याने विचारतात आणि नाना जातींचे सारथी बरोबर बाळगतात, बोर्ड बदलला तरी त्या बहुधा उठतात. विंडोजच्याही पुढच्या आवृत्त्या निळ्या पडद्याऐवजी ‘उपकरणे सज्ज होत आहेत’ असे म्हणून बहुधा आपले आपण सावरून घेतात, आणि २०१६ पासून विंडोज १० चा परवाना वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडून ठेवता येऊ लागला. परंतु एक गाठ सुटली तेथे दुसरी पडली. अलीकडच्या यंत्रांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करून त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये ठेवण्याची प्रथा आहे. बोर्ड बदलला की किल्लीही जाते, आणि मग यंत्र अठ्ठेचाळीस आकड्यांची राखीव किल्ली मागते. ती ज्याने लिहून ठेविली नसेल त्याच्या हाती डिस्क असूनही काही नसते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला ही चिप असलेली यंत्रेच अधिकृतपणे चालतात. तेव्हा जे कोणी आज जुन्या बोर्डाला निरोप देत असतील त्यांनी तीन गोष्टी आधी कराव्यात: डिस्कची नक्कल घ्यावी, राखीव किल्ली कागदावर उतरून ठेवावी, आणि यंत्र बंद करण्यापूर्वी ते कुलूप तात्पुरते स्थगित करावे.

या सर्व प्रकरणावरून आमचे जे मत झाले ते असे, की स्थलांतरात जे टिकते ते सर्वाधिक लक्षात ठेवणारे नव्हे. जुन्या घराची प्रत्येक खुंटी ज्याच्या मनात घट्ट ठोकलेली आहे तो नव्या घरात दारातच अडखळतो. आणि जो सारेच पुसून येतो तो नव्या घरात राहतो खरा, पण तो मग कोणीतरी दुसराच असतो. टिकतो तो, ज्याला खुंट्या सोडून देता येतात आणि खुंटीवर काय टांगावयाचे ते विसरत नाही. ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाचा वाद प्लुटार्कने नमूद केला आहे: एकेक फळी बदलीत सारे जहाज नवे झाले, तर ते तेच जहाज की दुसरे? तत्त्वज्ञ यावर आजही भांडतात. आमच्याकडील मुलींना हा प्रश्न कोणी विचारला नाही, पण त्याचे उत्तर त्या पिढ्यान् पिढ्या देत आल्या आहेत. आमच्या आजीचे लग्नात नावही बदलले होते. घर नवे, माणसे नवी, चुलीचे तोंडसुद्धा दुसऱ्या दिशेला. पहिल्या काही वर्षांत तिने आपल्या माहेरच्या किती गोष्टी मुकाट्याने गिळल्या असतील त्याची गणती नाही. परंतु तिची ओवी, तिची आमटी आणि कोणाही उपाश्याला दारातून परत न पाठविण्याची तिची रीत ही आमच्या घरात आली ती तिच्याच माहेराहून. छापील कुलवृत्तांतात तिच्या माहेराला अर्धी ओळ मिळाली आहे. आमच्या घराण्याच्या स्वभावाचा निम्मा वृत्तांत त्या अर्ध्या ओळीच्या पलीकडे आहे, हे वडिलांना उमगले होते, आणि म्हणूनच ते म्हाताऱ्या आत्याबाईंच्या शेजारी पाट मांडून बसत.

पुढे भाचीने त्या सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणल्या. आता त्यांना लॉक लागत नाही आणि फॉक्सप्रोही लागत नाही. त्या कोणत्याही यंत्रावर उघडतात आणि कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता येतात. रूपांतर करताना फाँटाने काही जोडाक्षरे बिघडविली, ती आईने वाचून दुरुस्त करून दिली. परंतु हे रूपांतर करण्यास उसंत मिळाली ती जुनी सिस्टीम नव्या देहात आणखी तीन वर्षे नांदली म्हणूनच. पुसून टाकण्याची घाई ज्यांना असते त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की काही गोष्टी कशा वाचाव्यात हे त्या गोष्टींनाच ठाऊक असते. दुसऱ्या कोणी ते शिकून घेईपर्यंत त्यांना जिवंत ठेविले पाहिजे.